समजूतदार

१

मी भांडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "तिचा स्वभावच तसा" म्हणायला नको. गावोगाव फिरून गाणाऱ्या बाईला भांडल्याशिवाय कपडे बदलायला खोली मिळत नाही. खोली मिळाली तर दाराला कडी नसते, आणि कडी असली तर खिडकीशी कोणीतरी उभं असतं. म्हणून मी गाडीतून उतरल्या उतरल्याच भांडायला लागते. वेळ वाचतो.

आमच्या बँडचं नाव 'भरीत'. आम्ही चौघं. ललित कीबोर्ड वाजवतो आणि कार्यक्रम ठरवतो. नाशिकला आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो, बँड तिथेच सुरू झाला. हर्षल गिटार वाजवतो आणि साउंड बघतो. सहादू ढोलकी वाजवतो आणि आमची जुनी ईको गाडी चालवतो. गाते मी, संजना. हळदी, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, द्राक्षांच्या हंगामात रिसॉर्टवरचे महोत्सव. जे मिळेल ते.

त्या रविवारी निफाडजवळच्या एका मंगल कार्यालयात सकाळची हळद होती. थंडीने घसा धरला होता. गाडी थांबली तशी मी थेट मागच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे गोजराबाई म्हणून कार्यालयाच्या मावशी होत्या, भल्यामोठ्या कढईत पोह्यांसाठी कांदा परतत होत्या.

"मावशी, बिनसाखरेचा चहा मिळेल का जरा?"

त्यांनी झारा न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "अजून? आत्ताच पिली ना ताई तू."

"मी आत्ता आले."

"आगं हितंच बसली होती की, त्या स्टुलावर. बिनसाखरेचाच मागितला. वर कप बी सोताच धुऊन ठिवला. मी म्हनलं, गानारी बाई आन् कप धुती. लय गुनाची हायेस."

ओट्यावर एक कप पालथा घातलेला होता. त्याखालून पाणी ओघळत होतं.

मी आयुष्यात कुठल्या कार्यालयात कप धुतलेला नाही. मला वाटलं, नेहमीचाच प्रकार: कलाकारांना चहा द्यायचा नाही आणि सरळ सांगायचंही नाही. माझा आवाज चढला. चहा नसेल तर नाही म्हणा, खोटं कशाला बोलता, वगैरे सगळं बोलले. नवरीकडच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मग ललित धावत आला.

"संजना, सोड ना. जरा समजुतीने घे."

चहा झाला शेवटी. पण गोजराबाईंनी कप माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्या चिडल्या असत्या तर मला कळलं असतं. चिडलेली माणसं मी रोज बघते. त्या घाबरल्या होत्या.

२

पुढच्या आठवड्यात गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर कार्यक्रम होता. मी गाडीतूनच ललितला बजावलं होतं, की स्वतंत्र खोली पाहिजे, नाहीतर मी गाणार नाही. पोचल्यावर आधी माईक तपासून घेतला, त्यातच बराच वेळ गेला. मग स्वागतकक्षातल्या मोहिनी नावाच्या मुलीने जिन्याकडे हात करून वरच्या मजल्यावरची, लांबलचक बोळाच्या टोकाची खोली सांगितली.

दार आतून बंद होतं. आणि आत कोणीतरी गात होतं.

आकारातला एक पलटा आहे, माझा मीच बसवलेला. कार्यक्रमाआधी मी तोच घोळवते. वर जाताना एका ठिकाणी माझा श्वास तुटतो आणि मी हळूच खाकरते. वाईट सवय आहे, जात नाही. आतली बाई तोच पलटा म्हणत होती. त्याच जागी थांबली. खाकरली. पुन्हा सुरुवात केली.

मी दारावर थाप मारली. पलटा चालूच. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. "कोण आहे आत? ही खोली माझी आहे!"

गाणं थांबलं. आतून अगदी हळू, अदबीने आवाज आला, "झालंच हं."

तेवढंच. बोळात पाण्याच्या टाकीचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. दार उघडलं नाही. मी खाली जाऊन मोहिनीला अक्षरशः हाताला धरून वर आणलं.

"पण मॅम, किल्ली तर तुम्हीच घेऊन गेलात ना मघाशी," ती म्हणाली. "थँक्यू पण म्हणालात."

तिने दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खिडकीला पक्के गज. न्हाणीघराचा नळ टपटपत होता. आरशापुढच्या खुर्चीवर मी तळहात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. गादी गरम होती.

मी वेडी नाही. माझा रियाज मी फोनवर रेकॉर्ड करून ललितला पाठवत असे. तो कोणालाही ऐकवू शकतो, कोणीही घोकून घेऊ शकतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ललित दुसरी गायिका तयार करतोय. माझ्यासारखे कपडे, माझ्यासारखी वेणी. मला काढायच्या आधी तिला सगळीकडे फिरवून आणतोय.

तो गाडीजवळ वायरी उलगडत होता. मी सगळं तोंडावर फेकलं.

"कोण दुसरी गायिका?" तो म्हणाला. "आणि खोलीसाठी कशाला ओरडतेस आता? तूच तर म्हणालीस, खोली नसली तरी चालेल, गाडीतच आवरते."

"मी? कधी?"

"मघाशी. इथेच उभी होतीस. हसून म्हणालीस."

मी हर्षलकडे पाहिलं. तो गिटारच्या खुंट्या पिळत राहिला. "म्हणालीस गं," तो पुटपुटला. "मलाही जरा नवलच वाटलं."

३

त्यानंतर मी एकटं राहणं सोडलं. गाडीत सहादूच्या मागे बसायचं, उतरायचं ते त्याच्याबरोबर, स्टेजच्या मागे त्याच्या शेजारी. सहादू हरसूलकडच्या पाड्यावरचा. कमी बोलतो. त्याने का म्हणून विचारलं नाही, फक्त माझ्यासाठी गाडीचं दार उघडून थांबायला लागला.

मग सिन्नरच्या बाजूला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा दुपारचा कार्यक्रम झाला. मांडवात पहिल्या रांगेत सगळे त्याचेच लोक. निम्मा कार्यक्रम होतो न होतो तोच तो पुढारी स्वतः स्टेजवर चढला, माझ्या कानाशी वाकला आणि एका घाणेरड्या गाण्याची फर्माईश केली. बोलता बोलता हात माझ्या पाठीवर. मी तो हात झटकला. माईकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मी गात नाही, आणि हात खाली." मग माईक खाली ठेवला आणि उतरले. थेट गाडीत येऊन बसले, काचा वर केल्या, दारं लावली. संतापाने माझे दात वाजत होते. तिकडे मांडवात वाजवणं पुन्हा सुरू झालेलं मला ऐकू येत होतं, पण काचांमुळे सगळं पाण्याखालून आल्यासारखं. मला वाटलं, तिघं मिळून वेळ मारून नेतायत.

दोन दिवसांनी ललितच्या फोनवर त्या लोकांनी व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताईंनी मान राखला."

आम्ही हरसूलच्या वाटेवर होतो. संध्याकाळी त्र्यंबकला एका सभागृहात कार्यक्रम होता, आणि त्याआधी सहादूच्या आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ललित व्हिडिओ बघत होता. मी मागून वाकून पाहिलं.

गर्दीतल्या डोक्यांवरून काढलेला होता. स्टेजवर मी होते. तेच गाणं गात होते. पूर्ण. त्या माणसाचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मी तो तसाच राहू दिला होता. एकदाच तोंड जरा इकडे वळलं. अर्धंच दिसलं, पण हसू पूर्ण होतं.

माझ्या पाठीला तो हात लागल्यासारखा वाटला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

"तूच परत आलीस ना स्टेजवर!" ललितही ओरडला. "आधी तमाशा केलास, मग आलीस, सॉरी म्हणालीस, गायलीस. आता काय नवीन?"

"मी गाडीत होते. दारं लावून."

"संजना, आम्ही तिघं तिथे होतो."

"सहादू," मी म्हणाले, "तू सांग."

सहादूने गाडी हळू केली. आरशातून माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "ताई, त्या दिवशी मी पाणी प्यायला गाडीकडे आलो होतो. काचंतून तुम्ही दिसल्या. रडत होत्या." तो थांबला. "आणि तिकडं तुमचं गाणं चालू होतं. मी ढोलकीवर जाऊन बसलो. कुणाला बोललो नाय. काय बोलू?"

हर्षलने कानात इअरफोन घातले. ललित थंडपणे म्हणाला, "माईकवर ट्रॅक लावला असेल कोणीतरी. सोडा आता."

सोडा. मला त्या शब्दाचा इतका संताप आला, की मी म्हणाले, "थांबव गाडी." चढ होता, पाडा समोर दिसत होता. "मी चालत येते. मला याच्याबरोबर एका गाडीत बसायचं नाही." आणि उतरले.

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी रागावून उठले, की माझी जागा मोकळी होत होती.

४

चढ दिसला त्याहून लांब निघाला, अर्धापाऊण तास लागला. ऊनही लागत होतं. पाड्यावर पोचले तेव्हा गाडी अंगणाच्या कडेला उभी होती. ललित आणि हर्षल मांडवाच्या सावलीत जेवत होते. माझ्याकडे हर्षलची पाठ होती. ललितने मान वर केली, मला पाहिलं, आणि मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. मला वाटलं, भांडणाचा राग आहे अजून.

सहादू दिसला नाही. दारात त्याची आई उभी होती, चिमणाबाई. फोनवर आम्ही पुष्कळदा बोललो होतो, भेट पहिलीच. मी वाकून नमस्कार केला.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कोन गं बाय? संजनाची भन का?"

"मीच संजना, मावशी."

ती हसली, पण उंबऱ्यातून सरकली नाही. "संजना जेवली न् निजली. दमली होती पोर. हळू बोल, उठंल."

मी तिला बाजूला केलं. त्या म्हाताऱ्या बाईला मी ढकललं, हो. आत गेले.

कुडाच्या भिंतींचं घर, बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. नागलीच्या भाकरीचा करपट वास होता. कोपऱ्यात धान्याची उंच कणगी, आणि तिच्यापलीकडे चटईवर, गोधडी पांघरून, भिंतीकडे तोंड करून कोणीतरी झोपलेलं. गोधडीबाहेर वेणी आली होती. वेणीच्या टोकाला माझ्यासारखंच काळं रबर, अर्धवट सुटलेलं. श्वासाबरोबर बारीक सूर येत होता. झोपेतही ती तो पलटाच घोळवत होती.

मला भीती वाटली नाही. खरंच नाही. रागाने माझ्या कानात घण वाजत होते. माझा चहा, माझी खोली, माझा पलटा. माझ्या खांद्यावर त्या माणसाचा हात ठेवून घेतला हिने, माझ्या नावाने हसली. मी गोधडी ओढायला वाकले. हात अगदी जवळ नेला.

तिने मागे वळून पाहिलं नाही. झोपेत माणूस करतो तशी हलली, आणि भिंतीकडे सरकली. चटईवर माझ्यापुरती जागा केली. मग एक हात मागे आला आणि त्या मोकळ्या जागेवर दोनदा हलकेच थापटलं. ये, असं.

तिथे मात्र माझा राग संपला. मी मागच्या दाराने बाहेर कशी आले मला माहीत नाही. गोठ्याच्या खांबाला मिठी मारून उभी होते. एक म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती.

मग पुढच्या बाजूला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी धावले. घराला वळसा घालून अंगणात आले तोवर ईको उताराला लागली होती. सहादूच्या मागची खिडकी उघडी होती. खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि टपावर ताल धरत होता. मी हाका मारल्या. चाकांची धूळ मागे राहिली, बाकी काही नाही.

चिमणाबाई हात हलवत उभी होती. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदलला. "तुझी भन गेली की," ती म्हणाली. "तू नाय गेलीस?" आणि उत्तराची वाट न बघता तिने घरात जाऊन दार ओढून घेतलं.

५

पाड्यावर फोनला रेंज नव्हती. मी उतरून रस्त्यावर आले, हरसूलच्या बाजाराहून त्र्यंबककडे निघालेली एक भरलेली जीप थांबवली आणि तीत शिरले. कोंबड्या, पिशव्या, माणसं. घाट चढताना फोन लागला.

"ललित, गाडी थांबव. तुमच्यात बसलेली ती मी नाही."

पलीकडे वायरी ओढल्याचा, खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. ते सभागृहात पोचले होते. मग त्याची पावलं, एक दार, आणि शांतता. तो बाजूला गेला होता.

"कुठे आहेस?" त्याने हळू विचारलं.

तो "कोण बोलतंय" म्हणाला नाही. वेडाबिडाची गोष्ट काढली नाही. "तुला माहीत होतं," मी म्हणाले. "तू मला पाड्यावर पाहिलंस. आत ती झोपलेली होती आणि तू मला चढ चढताना पाहिलंस."

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"निफाडला. मी तुला स्वयंपाकघरातून ओढत आणलं, तेव्हा तू स्टेजवर माईक लावत होतीस." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. मग सवय झाली."

"सवय!"

जीपमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"ती कोण आहे ललित?"

"मला माहीत नाही. विचारलंही नाही." मग तो जे बोलला ते अगदी थकलेल्या आवाजात, जणू मी ते समजून घ्यावं. "संजना, ती भांडत नाही गं."

त्याच्या मागे दार वाजलं. एका बाईचा आवाज आला, "कुणाचा फोन रे? चल ना, सगळे थांबलेत." माझा आवाज. इतका गोड मला तो कधी लावता आला नाही.

फोन कटला.

त्र्यंबकला उतरले तेव्हा ऊन कलंडलं होतं. सभागृहाच्या फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा धरला. "कलाकार आत गेले ताई. कार्यक्रम सुरू झाला." मी कलाकार आहे म्हटल्यावर त्याने माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलं आणि नुसता हसला.

आतून गाणं येत होतं. मी लिहिलेलं, मी चाल लावलेलं. ज्या ओळीशी मी लोकांना हमखास रडवते त्या ओळीशी ती आली होती.

मी ओरडले. शब्द नव्हताच त्याला. बेंबीपासून निघालेला नुसता आवाज होता, घसा ओरबाडत वर आलेला.

आतली ओळ चिरकली.

मला वाटलं, योगायोग. कीबोर्डने ती ओळ पुन्हा दिली, तिने पुन्हा उचलली. मी पुन्हा ओरडले, आणि तिचा सूर पुन्हा फाटला, जुनं कापड फाटतं तसा. रखवालदाराने मान वळवून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा आडवा हात खाली आला.

घसा एकच होता.

मग मी थांबले नाही. तोंडात रक्ताची चव आली तरी थांबले नाही. हा आवाज लहानपणापासून जपला होता, थंड पाणी प्यायले नव्हते त्याच्यासाठी, आणि तोच आता मी दोन्ही हातांनी फाडत होते. तिला द्यायचा नव्हता. कोणालाच द्यायचा नव्हता. आधी ढोलकी थांबली. सहादूने ऐकलं होतं. मग गिटार. कीबोर्ड मात्र वाजत राहिला, तीच ओळ परत परत देत, ये, उचल, ये म्हणून.

मग तोही थांबला.

सभागृहाचं दार उघडलं. आत अंधार, बाहेर ऊन. उंबऱ्याच्या आत, सावलीत, कोणीतरी उभं होतं. वेणी पुढे घेतलेली. चेहरा दिसत नव्हता. तिने एक हात पुढे केला, रडणाऱ्या लेकराची समजूत काढायला करतात तसा, आणि हळूहळू पायऱ्या उतरायला लागली.

मी छाती भरून श्वास घेतला.